हॅलोविनची बादली आणि पुढचे वीस दिवस

३१ ऑक्टोबरच्या रात्री साडेआठला गालिच्यावर जुनी चादर अंथरायची आणि नारिंगी भोपळ्याची बादली तिच्यावर उपडी करायची. हॅलोविनच्या संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन घरोघर गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात, आणि ती घरी परतली की अमेरिकेत राहणाऱ्या आमच्यासारख्या आईबापांचं काम इथून सुरू होतं. ढीग आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर जातो. वीस-पंचवीस घरं फिरून आलेल्या मुलाच्या बादलीत ६० नग सहज निघतात. फन साइज चॉकलेट किंवा गोळ्यांचं छोटं पाकीट सरासरी १५ ग्रॅमचं धरलं तर एकूण वजन ९०० ग्रॅम. एका नगात साधारण ७ ते ११ ग्रॅम साखर असते. आपण ८ धरू, म्हणजे बादलीत ४८० ग्रॅम साखर आली. चहाच्या चमच्यात ४ ग्रॅम मावते, तेव्हा हे झाले १२० चमचे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅम सांगितली आहे, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला तर ती अजिबातच नको असं म्हटलं आहे. दिवसभरात दुसरं काहीही गोड खाल्लं नाही तरी ही एक बादली एकोणीस दिवस पुरते. घरात दोन मुलं असतील तर दोन बादल्या.

हा हिशेब मोठ्यांनी मोठ्यांसाठी करायचा. मुलासमोर मोठ्याने वाचून दाखवला तर सणाचा विचका होतो, आणि उपयोग शून्य. आकडा बघितल्यावर बहुतेक घरांत पहिली हालचाल होते ती अर्धा ढीग उचलून वरच्या कपाटात लपवण्याची. ते करू नका असं आम्ही कळकळीने सांगतो. जेनिफर फिशर आणि लिअन बर्च या संशोधकांनी १९९९ साली लहान मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. समोर दिसणारा एक खाऊ मुद्दाम मर्यादित ठेवला, तर मुलं त्याच खाऊबद्दल जास्त बोलू लागली आणि तोच जास्त मागू लागली. घरात हेच होतं. कपाटाकडे डोळे लागतात, खुर्ची ओढली जाते, गादीखाली कागद सापडतात. म्हणून आमच्या घराचं सूत्र एवढंच आहे: बादली मुलाची, वेळ आमची. किती खायचं यावर वाद घालत बसण्याऐवजी कधी आणि कुठे बसून खायचं हे पक्कं करायचं. खाली जे सगळं येतं ते यातूनच आलं आहे.

तयारी त्या दिवशी दुपारपासूनच लागते. ट्रिक ऑर ट्रीट, म्हणजे हे घरोघर फिरणं, साधारण साडेपाच-सहाला सुरू होतं, त्यामुळे मुलांचं जेवण पाचला उरकायला हवं. पोट भरलेलं मूल वाटेत पाकीट फोडत नाही, आणि घरी आल्यावर ढिगावर तुटूनही पडत नाही. जेवणात प्रथिनं आणि तूप-तेल असू द्या. मुगाचं धिरडं आणि दही, वरण-भात-तूप किंवा थालीपीठ आणि लोणी यांतलं काहीही चालतं. नुसता पास्ता दिला तर सातला पुन्हा भूक लागते. गोळ्या गोळा करायला उशीची खोळ द्यायची नाही. ती रिकामी दिसते, मग ती भरेपर्यंत मूल घरी यायला तयार होत नाही. लहान प्लास्टिकची बादली ५०-६० नगांत काठोकाठ दिसते, आणि मूल आपणहून म्हणतं, आता भरली. कोट्याबद्दल एक अक्षर न बोलता संख्या तिथेच आटोक्यात येते.

वाटेत खायचं नाही, हा नियम आम्ही कधीच मोडत नाही, कारण तपासणी घरीच होऊ शकते, उजेडात.

तपासणीत आधी फाटलेलं किंवा उघडं पाकीट बाजूला काढायचं. सील सुटलेली, चिकटपट्टी लावलेली, आवरण नसलेली कुठलीही वस्तू सरळ कचऱ्यात. घरी केलेला पदार्थ देणारी व्यक्ती ओळखीची असेल तरच ठेवायचा. अनोळखी माणसं गोळ्यांत विष घालतात ही भीती इथे दर वर्षी पसरते. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी जुन्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या, तेव्हा अनोळखी माणसाने असं करून मुलाचा जीव घेतल्याची एकही पक्की घटना त्यांना मिळाली नाही. आजचा धोका वेगळा आहे. गांजाचा अर्क घातलेल्या गमीज, म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्या, काही वेळा हुबेहूब नेहमीच्या कँडीसारख्या पाकिटात येतात. ओळखीचं चित्र पण नावात किंचित बदल, पाकिटावर ‘टीएचसी’ (गांजातला नशा आणणारा घटक) ही अक्षरं, मिलिग्रॅमचा आकडा, नाहीतर पानाचं चिन्ह, यांतलं काही दिसलं तर हात लावू द्यायचा नाही.

मग वय. चार वर्षांखालचं मूल घरात असेल तर कडक गोळ्या, गोल च्युइंगम, अख्खे दाणे असलेली चॉकलेटं, चिवट कॅरमल आणि पॉपकॉर्न त्याच्या वाट्यातून काढायचे. श्वासनलिकेत अडकायला हे आकार फार वाईट. गमी बेअरचे कात्रीने चार तुकडे केले म्हणून तो सुरक्षित होत नाही, त्याचा चिकटपणा तसाच राहतो. मोठ्या भावंडाची बादली या वयाच्या मुलाच्या हाती लागेल अशी जमिनीवर ठेवायची नाही. घरात कुत्रा असेल तर हाच नियम त्यालाही. चॉकलेट कुत्र्यांना बाधतं, आणि शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल त्याहून जास्त. कुणी आरोग्याचा विचार करून बेदाण्यांची छोटी खोकी वाटलेली असतात, तेही कुत्र्याला विषारी.

ॲलर्जीचं मूल असेल तर इथे घाई नको. फन साइज पाकिटावर बरेचदा घटकांची यादीच नसते, कारण ते सुटं विकायचं नसतं. यादी असते ती दुकानातल्या मोठ्या पिशवीवर. त्यात भर म्हणजे मोठ्या बारची आणि त्याच नावाच्या छोट्या नगाची कृती किंवा कारखाना वेगळा असू शकतो. मोठ्या बारवर दाण्यांचा उल्लेख नाही म्हणून छोटा चालेल, असं गृहीत धरायचं नाही. आम्ही ऑक्टोबरमध्ये ग्रोसरीला गेलो की नेहमी वाटल्या जाणाऱ्या दहा-बारा प्रकारांच्या पिशव्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून ठेवतो. ३१ तारखेला रात्री फोन उघडून ढीग जुळवला की काम पंधरा मिनिटांत होतं. ज्याचा फोटो नाही आणि ज्यावर लेबल नाही, ते घरात ठेवायचं नाही. अमेरिकेत लेबलावर नावाने लिहावेच लागतात असे नऊ घटक आहेत: दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यांचा वर्ग, बदाम-काजू-अक्रोडासारखा सुकामेवा, शेंगदाणा, गहू, सोया, आणि २०२३ पासून तीळ. तिळाची ॲलर्जी असलेल्या घरांना ही शेवटची भर फार मोलाची ठरली.

शाकाहारी घरांचा प्रश्न निराळा. भारतातल्या पाकिटावर असतो तसा हिरवा ठिपका इथे नसतो. यादी वाचायची आणि ‘जिलेटिन’ हा शब्द शोधायचा. ते जनावराच्या कातड्यापासून आणि हाडांपासून बनतं, बरेचदा डुकराच्या. बहुतेक गमी बेअर, सगळे नेहमीचे मार्शमेलो, बहुतेक कँडी कॉर्न आणि इथली स्टारबर्स्ट यांत ते असतं. स्किटल्स, सावर पॅच किड्स आणि स्वीडिश फिश यांत नसतं. ‘कन्फेक्शनर्स ग्लेझ’ म्हणजे आपली लाख, किड्यापासून आलेली. ‘कारमाइन’ हा लाल रंगही किड्याचाच. जिलेटिन नको पण लाख चालते अशी घरं आहेत, आणि दोन्ही नको अशीही आहेत. आपलं काय ते मुलांना आधीच सांगून ठेवावं. ३१ ला रात्री हातातून काढून घेण्यापेक्षा २५ तारखेला दुकानात एक पिशवी उलटी धरून शब्द दाखवला, की सात-आठ वर्षांचं मूल स्वतःच वाचून वेगळं काढायला लागतं. काढलेला प्रत्येक नग चालणाऱ्या नगाशी बदलून द्यायचा. त्यासाठी खात्रीच्या वीसएक नगांची पिशवी घरात आधीच असू द्या.

इतकं झालं की वर्गवारी. मुलं आवडीनुसार ढीग लावतात, तो त्यांचा आनंद आहे, लावू द्या. आम्ही मात्र दातांच्या हिशेबाने बघतो. पहिल्या गटात साधं चॉकलेट, जे तोंडात वितळून लवकर निघून जातं. दुसऱ्यात कॅरमल, टॉफी आणि गमी, जे दाढेच्या खाचांत बसून राहतात. तिसऱ्यात लॉलिपॉप आणि चघळायच्या कडक गोळ्या, ज्या दहा-पंधरा मिनिटं तोंडात फिरत राहतात. चौथ्यात आंबट गोळ्या, ज्यांच्यावर साखरेसोबत सायट्रिक किंवा मॅलिक आम्लाची भुकटी असते, म्हणजे दातांवर दोन्हीकडून मारा.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं वेळापत्रक यावर उभं आहे. दातांवरच्या थरातले जंतू साखर मिळाली की काही मिनिटांत आम्ल तयार करतात. तिथला पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं. लाळ ते आम्ल निवळवते, पण त्याला अर्धा तास, कधी जास्तही लागतो. आता हिशेब बघा. पाच नग एका बैठकीत खाल्ले तर आम्लाचा एक हल्ला. तेच पाच नग दुपारी तीन ते रात्री आठ एकेक करून खाल्ले तर पाच हल्ले, म्हणजे अडीच तास. साखर तेवढीच, नुकसान कितीतरी जास्त. स्वीडनमधल्या लुंड इथल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांसाठीच्या व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ पासून काही वर्षं हे पाहिलं गेलं. जेवणासोबतच्या साखरेने दात तितके किडले नाहीत, दोन जेवणांच्या मध्ये दिलेल्या चिकट टॉफीने मात्र भराभर किडले. तो प्रयोग नकार देता न येणाऱ्या माणसांवर केला गेला. ते क्रूर होतं आणि ते विसरून चालणार नाही. त्याच निष्कर्षांतून पुढे स्वीडनमध्ये गोळ्या फक्त शनिवारी खायच्या, ही रीत रुजली, ती आजही आहे.

आता वेळापत्रक. पहिल्या रात्री मोकळीक. मूल खाईल तेवढं खाऊ द्यायचं, फक्त एका जागी बसून आणि आम्ही समोर असताना. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी ही पद्धत सांगितली आहे: पहिला दिवस आणि दुसरा दिवस मोकळा, तिसऱ्या दिवसापासून ठरलेल्या जेवणाच्या आणि खाऊच्या वेळी. आधी काळीज धडधडतं, हे खरं. पण आठ-दहा नगांनंतर बहुतेक मुलांचा हात आपोआप मंदावतो. पोट दुखलं तर ‘बघ, सांगितलं होतं ना’ म्हणायचं नाही. पोटाने जे शिकवायचं ते शिकवलेलं असतं. नंतर पाण्याने खळखळून चूळ, मग झोपण्याआधी फ्लोराइडच्या पेस्टने दोन मिनिटं ब्रश. तीन वर्षांखाली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत मटाराच्या दाण्याएवढी. आंबट गोळ्या खाल्ल्या असतील तर चुळीनंतर निदान अर्धा तास थांबून ब्रश करायचा, नाहीतर आम्लाने मऊ पडलेलं कवच ब्रशनेच घासलं जातं.

तिसऱ्या दिवसापासून रोज दोन नग, शाळेतून आल्यावरच्या खाऊसोबत. एकटे कधीच नाहीत. ताटलीत दोन नग, शेजारी सफरचंदाच्या फोडी, चीजचा तुकडा किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे, आणि पेलाभर दूध. सगळं एकदमच समोर ठेवायचं, आणि कुठलं आधी खायचं हे मुलाने ठरवायचं. ‘फोडी संपव, मग चॉकलेट’ असं म्हटलं की फोडी शिक्षा होतात आणि चॉकलेट बक्षीस. वर्षभर मग तेच निस्तरत बसावं लागतं. दोन नग मुलाने स्वतः निवडायचे. निवडायला पाच मिनिटं लागली तरी चालतील. त्या पाच मिनिटांत मूल ढीग हाताळतं, कागद वाचतं, मोजतं, आणि बरेचदा तीच मजा खाण्यापेक्षा मोठी ठरते. सोमवार ते शुक्रवार चॉकलेट किंवा लवकर विरघळणारं काही, चिकट आणि आंबट गोळ्या फक्त शनिवारी दुपारच्या जेवणानंतर.

बिघडतं कुठे, तर बहुतेक मोठ्यांकडून. शाळेच्या डब्यात एक नग टाकला जातो. तिथे चूळ भरायला कुणी नसतं, आणि ॲलर्जी असलेल्या वर्गमित्राचा प्रश्न येतो तो वेगळाच. गाडीत रडू थांबवायला लॉलिपॉप दिला जातो, आणि एका लॉलिपॉपने आम्लाचा एक लांबलचक हल्ला आणि एक नवी सवय दोन्ही घरात येतात. गृहपाठ झाला म्हणून एक, शहाण्यासारखं वागलास म्हणून एक. मुलं झोपल्यावर आईबाप बादलीतून चांगली चांगली चॉकलेटं उचलतात. मुलांना संख्या पाठ असते, आणि एकदा विश्वास गेला की सगळी व्यवस्था कोसळते. आपल्याला हवं असेल तर मागून घ्यावं. भारतातून आलेले आजी-आजोबा घरी असतील तर त्यांच्याशी आधीच बोलावं. नातवाच्या हातावर खाऊ ठेवण्याचं सुख त्यांच्याकडून काढून घ्यायचं नाही. दुपारची ती ताटली त्यांनीच मांडावी, म्हणजे त्यांचा मान राहतो आणि वेळही पाळली जाते.

टाइप वन मधुमेह असलेलं मूल घरात असेल तर मुलाच्या डॉक्टरांशी बोलून एक डबा वेगळा काढून ठेवण्यासारखा आहे. रक्तातली साखर अचानक उतरते तेव्हा अमेरिकेतल्या स्मार्टीजसारख्या ग्लुकोजच्या गोळ्या किंवा स्किटल्स लवकर कामाला येतात. चॉकलेट त्या वेळी देऊ नये, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो.

साठवणीबद्दल थोडक्यात. चॉकलेट १८ ते २० अंश सेल्सिअसला, हवाबंद डब्यात, हीटरच्या झडपेपासून लांब. पांढुरकी झाक आली तर ती बुरशी नव्हे, वितळून पुन्हा घट्ट होताना वर आलेलं कोकोचं स्निग्ध असतं, खायला हरकत नाही. गमी आणि चॉकलेट एका डब्यात ठेवले की एकमेकांचा वास लागतो आणि चॉकलेट ओलसर पडू शकतं. जास्तीची चॉकलेटं झिपलॉकमधली हवा दाबून काढून फ्रीजरमध्ये ठेवावीत. बाहेर काढताना पिशवी न उघडता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर बाष्प बसून पृष्ठभागावर साखरेचे खडबडीत डाग येतात. केकमध्ये घालायची असतील तर दहा नग, म्हणजे १५० ग्रॅम चिरून घालताना कृतीतली साखर ७०-८० ग्रॅमने कमी करा. कॅरमलचे तुकडे आधी वीस मिनिटं फ्रीजरमध्ये गोठवून घ्यावेत आणि खाली बेकिंगचा कागद असावाच, नाहीतर कडेला वितळून करपतात आणि भांडं घासता घासता हात दुखतात.

मराठी घरांची खरी कसोटी लागते ती दिवाळी हॅलोविनला येऊन भिडते तेव्हा. २०२४ साली अमेरिकेत लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले. पाव किलो साखरेत बेसनाचे वीस लाडू वळले तर एका लाडवात साडेबारा ग्रॅम साखर पडते, म्हणजे दीड फन साइज चॉकलेटाइतकी. शंकरपाळ्यांचा हिशेब वेगळाच. अशा वर्षी आम्ही फराळाला हात लावत नाही, बादलीला लावतो. ते पाच दिवस लाडू-करंजी हाच गोड खाऊ, ताटलीतले दोन नग बंद, आणि बादली वर झाकून ठेवलेली, मुलांना सांगून, लपवून नव्हे. चिवडा आणि चकली यांमुळे गोडाची मागणी आपसूक कमी होते. भाऊबीज झाली की बादली पुन्हा खाली.

आठवड्याभरातच नको असलेल्या नगांचा ढीग मुलांकडूनच करून घ्यावा. बरेच दंतवैद्य नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कँडी परत विकत घेतात, पौंडभर वजनाला साधारण एक डॉलर या दराने, आणि ती परदेशातल्या सैनिकांना पाठवली जाते. नग न उघडलेले लागतात, आणि काही ठिकाणी पाच पौंडांची मर्यादा असते, तेव्हा आधी फोन करून विचारा. रात्रीतून बादली नाहीशी करून सकाळी खेळणं ठेवण्याची पद्धतही इथे आहे. मुलाने स्वतः निवड केली असेल तर ती चालते. न विचारता केली तर पुढच्या वर्षी मूल पहिल्याच रात्री सगळं संपवायच्या मागे लागतं.

आपल्या दारातून काय जातं तेही बघायला हवं. पोर्चवर मोरपिशी रंगाचा भोपळा ठेवला की तिथे खाण्याव्यतिरिक्तही काही मिळतं, ही खूण ॲलर्जीसाठी काम करणाऱ्या फेअर या संस्थेने २०१४ साली देशभर नेली. अंधारात चमकणाऱ्या कांड्या, स्टिकर आणि खेळायच्या मऊ मातीचे छोटे डबे मुलांना मनापासून आवडतात. पेन्सिली आणि खोडरबर फारसे आवडत नाहीत. कँडी द्यायचीच असेल तर आपल्या घरात कुणाला आवडत नाही तीच आणावी, आणि ३० तारखेच्या आधी आणू नये. उघडलेली पिशवी ३१ पर्यंत टिकत नाही.

तिसऱ्या आठवड्यात बादलीच्या तळाशी टूटसी रोल, दोन-चार बटरस्कॉच आणि चुरगळलेलं कँडी कॉर्न उरतं. मुलं तोवर विचारायचीही थांबलेली असतात. रंगीत कडक गोळ्या बरणीत भरून ‘डिसेंबर, जिंजरब्रेडचं घर’ अशी चिठ्ठी लावावी, बाकीचं टाकून द्यावं. बादली साबणाने धुऊन वाळवायची आणि आत एक कागद ठेवायचा: एकूण नग, वजन, जिलेटिनमुळे बदलून द्यावे लागलेले नग, शेवटी उरलेले नग. पुढच्या २५ ऑक्टोबरला दुकानात जाताना तोच कागद खिशात घ्यायचा.